आयर्लंडचा सगळ्यात एकटा डोंगर

डोंगराची उंची किती, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं असतं. भूगोलाचं पुस्तक उघडायचं, आकडा वाचायचा आणि मोकळं व्हायचं. पण एखादा डोंगर 'एकटा' किती, हे कसं सांगणार? त्यासाठी ना पट्टी, ना मीटर. तरीसुद्धा आयर्लंडमधल्या डोंगरभटक्यांना विचारून पाहा, की बाबांनो, तुमच्या देशातला सगळ्यात आडबाजूचा, सगळ्यात एकटा डोंगर कोणता? त्यांच्यातले बरेचजण एकच नाव घेतील : स्लीव्ह कार.

उंची 721 मीटर. हसलात ना? हसणारच! आपलं कळसूबाईचं शिखर 1,646 मीटर. अख्ख्या आयर्लंडमध्ये त्याच्या जवळपास जाणारं एकही शिखर नाही. तिथलं सर्वांत उंच कॅरनटूहिल, तेही 1,040 मीटरच्या आतच. मग 721 मीटरच्या टेकाडाचं एवढं काय कौतुक?

थांबा जरा. सह्याद्रीत आपण गड चढायला लागतो, तेव्हा बहुतेकदा पायथ्याचं गावच समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचावर असतं. एस.टी. किंवा जीप आपल्याला तिथपर्यंत नेऊन सोडते. स्लीव्ह कारचा पायथा मात्र जवळजवळ समुद्राच्या पातळीला टेकलेला. म्हणजे 721 मीटरमधले सहाशेच्या वर मीटर स्वतःच्या पायांनी चढायचे. बरं, ते काही कठीण नाही. कठीण आहे ते पायथ्याशी पोचणं! चारी बाजूंना मैलोन्‌मैल दलदल, मध्ये डोंगर, आणि डोंगरापर्यंत एकही गाडीरस्ता नाही.

आज आपण या डोंगराच्या वाटा शोधणार आहोत. समजा आपण चौघं आहोत. तुम्ही, आई, बाबा आणि कॉलेजात जाणारी ताई. नकाशा टेबलावर पसरलेला आहे. जायचं कुठून? यायचं कुठून? आणि डोंगर एवढा एकटा पडला तरी का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात सापडत नाही, पण वाटेत सापडतं.

आधी ठिकाण पाहू. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाचा परगणा आहे. राजधानी डब्लिन पूर्व किनाऱ्यावर. तिथून मोटारीने मेयोमधल्या न्यूपोर्ट गावी पोचायला साडेतीन-चार तास लागतात. न्यूपोर्टच्या उत्तरेला आणि वायव्येला जी डोंगररांग पसरली आहे, तिचं नाव नेफिन बेग. आयरिश भाषेत 'बेग' म्हणजे लहान. म्हणजे हा 'धाकटा नेफिन'. थोरला नेफिन (806 मीटर) या रांगेत नाहीच, तो पूर्वेला वेगळा उभा आहे, थोरल्या भावासारखा जरा फटकून. आता गंमत बघा. रांगेला जिचं नाव मिळालं ती नेफिन बेगची टेकडी आहे 627 मीटर. आणि रांगेतला सगळ्यात उंच डोंगर आहे आपला स्लीव्ह कार. म्हणजे कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचं! त्यात भर म्हणजे काही नकाशांवर या डोंगराचं नाव 'कॉरस्लीव्ह' असं छापलेलं असतं. दोन वेगळे डोंगर समजून कुणी फसू नये म्हणून आधीच सांगून ठेवलं.

दक्षिणेकडून : धारेवरची लांब वाट

सगळ्यात ऐटदार वाट दक्षिणेकडून जाते. न्यूपोर्टच्या उत्तरेला लेटरकीन नावाची जागा आहे. डांबरी रस्ता तिथे संपतो. पुढे ओढा ओलांडून आधी नेफिन बेगचा माथा गाठायचा. तिथून पलीकडे उतरायचं ते स्कारडॉनच्या तळ्यांपाशी. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत ही तळी आहेत. आणि मग पुन्हा चढण, थेट स्लीव्ह कारच्या माथ्यापर्यंत.

नकाशावर बोट ठेवून सांगायला किती सोपं वाटतं! आता हिशेब करू. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली चालण्याच्या वेळेचा एक नियम सांगितला होता. तो आजही जगभर वापरतात. आपल्या मापात तो साधारण असा : दर 5 किलोमीटरला 1 तास, आणि दर 600 मीटर चढाला आणखी 1 तास.

लेटरकीनपासून स्लीव्ह कारचा माथा या वाटेने 12 किलोमीटरच्या आसपास. चढ किती? घाईत असलेला माणूस म्हणेल, सहाशे मीटर. चूक! नेफिन बेगवर चढलो, मग तळ्यांपर्यंत साडेतीनशे मीटर खाली उतरलो, ते पुन्हा चढायला नकोत? असा एकूण चढ होतो हजार मीटरच्या घरात. आता गणित मांडा. 12 किलोमीटरचे 2 तास 24 मिनिटं. हजार मीटरचे 1 तास 40 मिनिटं. एकूण 4 तास 4 मिनिटं. वा, म्हणजे जेवणाआधी माथ्यावर!

पण नेस्मिथचा नियम चांगल्या वाटेवरच्या धडधाकट माणसासाठी आहे. त्यात फोटो काढायला थांबणं नाही, डबा खाणं नाही, बुटाची नाडी बांधणं नाही. आणि मुख्य म्हणजे दलदल नाही. नेफिन बेगच्या रांगेत त्या आकड्यात निम्म्याने तरी भर घालावी. शिवाय परत यायचंय! जाऊन-येऊन दहा तासांच्या खाली हा दिवस बसत नाही. तेव्हा धाकट्या भावंडांना या वाटेवर नेऊ नये हे उत्तम. लेटरकीनलाच 6 किलोमीटरपासून 12 किलोमीटरपर्यंतच्या खुणा केलेल्या गोल वाटा आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी आधी त्या कराव्यात. स्लीव्ह कार कुठे पळून जात नाही.

पायाखाली काय आहे?

दलदल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चिखल येतो. ही दलदल चिखलाची नाही. भूगोलात कोळशाचे प्रकार पाठ केलेत ना? पीट, लिग्नाइट, बिट्युमिनस, अँथ्रासाइट. त्यातला पहिला, सगळ्यात कच्चा प्रकार म्हणजे पीट. इथे तो जमिनीखाली खोल नाही, तर अंगावर पांघरूण घ्यावं तसा डोंगर-दऱ्यांवर पसरलेला आहे.

तो तयार होतो स्फॅग्नम नावाच्या शेवाळापासून. हे शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. म्हणूनच पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला कापसाऐवजी ते वाळवून वापरलं गेलं. पाऊस पडत राहतो, खालचं शेवाळ मरतं, पण पाण्याखाली हवा पोचत नसल्यामुळे ते नीट कुजत नाही. त्याच्यावर नवं उगवतं. असा थर चढत जातो, साधारण वर्षाला एक मिलिमीटर. तुमची उंची 140 सेंटिमीटर असेल, तर तुमच्याएवढा थर साठायला 1,400 वर्षं लागतील. नेफिन बेगच्या परिसरात याच्या कितीतरी पट जुने थर आहेत. त्यांत जुन्या पाइन वृक्षांची खुंटं अजून शाबूत सापडतात.

आणि नुसती खुंटंच नाही. स्लीव्ह कारच्या उत्तरेला, समुद्रकाठी बेल्डेरिग नावाचं गाव आहे. 1930च्या दशकात तिथल्या शाळेतले शिक्षक पॅट्रिक कॉलफील्ड यांच्या लक्षात आलं, की पीट कापताना खाली दगडांच्या ओळी लागतात. त्या आपोआप पडलेल्या नव्हत्या, कुणीतरी रचलेल्या होत्या. पुढे त्यांचा मुलगा शेमस पुरातत्त्वज्ञ झाला. लोखंडी सळया खुपसून खुपसून त्याने त्या गाडल्या गेलेल्या भिंतींचा माग काढला. निघाली ती हजारो वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या शेतांची कुंपणं! 'केजा फील्ड्स' म्हणून आज ती जागा प्रसिद्ध आहे. मास्तरांची नजर म्हणतात ती अशी.

असो. आपण चालतोय. या पांघरुणावर पाय पडला की ते हलतं. बाजूच्या गवताचा गठ्ठाही हलतो. जिथे हिरवागार, मखमली गालिचा दिसतो तिथे पाय ठेवायचा नाही, कारण बहुतेक तिथेच पाणी जास्त असतं! तपकिरी, राठ गवत आणि जांभळट हेदरची झुडपं दिसतात तिकडून चालायचं. जागोजाग पावसाने पीट कापलं जाऊन माणसाएवढे खोल चर पडलेले असतात. त्यांत उतरायचं, पलीकडे चढायचं, पुन्हा उतरायचं. शंभर मीटर सरळ जायला दोनशे मीटर चालावं लागतं.

मधूनच लाल रंगाची इवली वनस्पती दिसते, पानांवर चिकट थेंब. ओळखलंत? दवबिंदू! कीटक पकडणारी वनस्पती. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर तिची भावंडं आहेत. दोन्हीकडचं कारण एकच. मातीत पोषक द्रव्यं कमी, मग नायट्रोजन मिळवायचा कुठून? किड्यांपासून. आणि आई-बाबांना दिलासा देणारी एक गोष्ट : आयर्लंडमध्ये साप नाहीत. रानात एकही नाही. चावतात ते 'मिज' नावाचे बारीक चिलटासारखे किडे, तेही उन्हाळ्यात वारा पडला की.

उत्तरेकडून : ढोरवाट

दुसरी वाट निघते उत्तरेच्या बँगर एरिस गावातून. या वाटेला नाव आहे, बँगर ट्रेल. बँगर एरिसपासून न्यूपोर्टपर्यंत ती जवळजवळ 40 किलोमीटर जाते, स्लीव्ह कार आणि नेफिन बेगच्या पश्चिम पायथ्याने. आपल्याला ती पूर्ण चालायची नाही. गावापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि डावीकडे वळून सोंडेने चढायला लागायचं.

ही वाट मुळात गिर्यारोहकांसाठी झालेलीच नाही. ती ढोरवाट आहे. बँगर एरिसकडची माणसं आपली जनावरं घेऊन याच वाटेने न्यूपोर्टकडच्या बाजाराला जात. किनाऱ्याने गाडीरस्ते होण्याआधी दुसरा मार्गच नव्हता. विचार करा, चाळीस किलोमीटर, बाजूला दलदल, पुढे गाई, मागे आपण, वरून पाऊस. एकोणिसाव्या शतकात रस्ते झाले आणि ही वाट मागे पडली.

पण चालताना आजूबाजूला नीट पाहिलंत तर काहीतरी दिसेल. गवतात बुडालेला दगडी चौथरा. छप्पर नसलेल्या चार भिंती. आणि उतारावर सूर्य तिरपा असेल तेव्हा दिसतात त्या एकमेकींना समांतर रेघा, जणू कुणी जमीन विंचरली आहे. शेतकऱ्याच्या मुलांनी लगेच ओळखलं असेल. सरी-वरंबे! बटाट्याचे.

इथे लोक राहत होते.

आयर्लंडच्या पश्चिम भागातली गरीब कुटुंबं एकोणिसाव्या शतकात जवळपास पूर्णपणे बटाट्यावर जगत. जमीन मालकाची, खंड भरायचा, चांगल्या जमिनीतलं धान्य आणि जनावरं त्यासाठी विकायची आणि उरलेल्या डोंगरउतारावर स्वतःपुरते बटाटे लावायचे. थोड्या जागेत जास्त पोटं भरणारं दुसरं पीक नव्हतं. त्यातही बहुतेकजण एकाच जातीचा बटाटा लावत. 1845 साली त्यावर करपा पडला. एका रोगाने एकाच जातीचं पीक सगळीकडे धरलं. पानं काळी पडली, जमिनीतले बटाटे नासून गेले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. 1852पर्यंत सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि तापाच्या साथींनी मेली, आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरं भरलेली जहाजं बाहेरदेशी जातच होती. हे वाचून राग येत असेल, तर तो योग्यच आहे.

मेयो परगण्याची लोकसंख्या 1841च्या जनगणनेत 3 लाख 88 हजारांवर होती. दहा वर्षांनी, 1851 साली, ती 2 लाख 74 हजारांवर आली. दर शंभरातली एकोणतीस माणसं नाहीशी झाली. आणि कमी होणं तिथेच थांबलं नाही. दुष्काळ संपल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या तरुण मुलं अमेरिकेला, इंग्लंडला जात राहिली. 2022च्या जनगणनेत मेयोत होती सुमारे 1 लाख 38 हजार माणसं. दुष्काळाआधी होती त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत!

म्हणजे स्लीव्ह कारच्या माथ्यावर कधीच वस्ती नव्हती हे खरं, पण त्याच्या आसपासची शांतता सगळीच निसर्गाने दिलेली नाही. रॉबर्ट लॉइड प्रेगर नावाचे थोर आयरिश निसर्गअभ्यासक 1937 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या भागाबद्दल लिहून गेले, की देशातली सर्वांत एकाकी जागा हीच. त्यांना स्वतःला तो एकांत उदास वाटला नाही, उलट त्यातून उभारी आली. रोजच्या धबडग्यातून आलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. पण त्या चार भिंतींच्या आत उभं राहिलं की चूल कुठे असेल, हे आपण शोधायला लागतोच.

बाकीच्या दोन वाटा

पश्चिमेकडून टार्साहॉन नावाच्या खोऱ्यातून एक छोटी वाट आहे. नकाशावर पाहिलं तर सगळ्यांत कमी अंतर हिचंच, माथ्यापर्यंत सात-आठ किलोमीटरही नाही. ताईने लगेच तिच्यावर बोट ठेवलंच असेल! पण मध्ये आहे ओला, उघडा सपाट प्रदेश आणि नदीनाले. पाऊस झाला की इथल्या ओढ्यांना तासाभरात लोंढा येतो. सकाळी दगडावरून उडी मारून ओलांडलेला ओढा संध्याकाळी कमरेएवढा झालेला असतो. आपल्या कोकणातल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. मेयोत फरक एवढाच, की पावसाला ठरलेले चार महिने नाहीत. आयर्लंडच्या पश्चिम भागात काही ठिकाणी वर्षातले सव्वादोनशे दिवस पाऊस पडतो, आणि तो कोणत्याही महिन्यात पडतो. ओढा फुगलेला असेल तर काठाने वर वर जाऊन अरुंद जागा शोधायची, नाहीतर मुकाट्याने मागे फिरायचं. बाबा 'होईल काही' असं म्हणाले तरी!

याच बाजूला ओवेनडफ नदीचं खोरं आहे. पश्चिम युरोपात शाबूत राहिलेल्या अशा मोजक्या दलदलींपैकी ही एक. मात्र तिलाही धक्का बसलाच. 1980 आणि 90च्या दशकांत मेंढ्यांसाठी सरकारी अनुदानं मिळू लागली, कळप फुगले, आणि हेदरची झुडपं मुळापर्यंत खाल्ली गेली. पीट उघडं पडून वाहून जाऊ लागलं. हेदरवर जगणारा 'रेड ग्राउझ' हा तितराच्या जातीचा पक्षी कमी झाला. प्रकरण थेट युरोपीय न्यायालयात गेलं आणि 2002 साली निकाल आयर्लंडच्या विरुद्ध लागला. एका पक्ष्याने सरकारला कोर्टात हरवलं म्हणा ना! पुढे मेंढ्यांची संख्या कमी केली गेली. त्याआधीच, 1998 साली, इथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झालं होतं. आज त्याचं नाव 'वाइल्ड नेफिन'. स्लीव्ह कार त्याच्या हद्दीत येतो, त्यामुळे चालणाऱ्यांना अडचण नाही. पण एरवी आयर्लंडमध्ये खाजगी रानातून चालण्याचा हक्क कायद्याने मिळत नाही, शेतकरी चालू देतात म्हणून चालता येतं. म्हणून फाटक उघडं असेल तर उघडं ठेवायचं, बंद असेल तर बंद करायचं, आणि मेंढ्यांमध्ये कुत्रा न्यायचा नाही.

पूर्वेकडून जंगलखात्याने लावलेल्या सिटका स्प्रूस आणि पाइनच्या रोपवनांतून 'वेस्टर्न वे' नावाची दूरची वाट जाते. तिच्यावरून येऊन अल्टनब्रॉकीच्या बाजूने डोंगराला भिडता येतं. वाट पक्की, चालायला सोपी, पण झाडांच्या दाट ओळींमुळे काही दिसत नाही, आणि ओळींमधून बाहेर पडून उघड्या उतारावर पोचणं म्हणजे कपडे आणि कातडी दोन्ही ओरबाडून घेणं. मला विचाराल तर ही वाट वाऱ्यापावसात परतताना उपयोगी. चढायला नको.

मग आपण ठरवायचं काय? चौघांच्या आपल्या चमूला मी उत्तरेची ढोरवाट सुचवीन. अंतर कमी नाही, पण पायाखाली वाट आहे, आणि धुकं उतरलं तर तीच वाट धरून परत येता येतं. धारेवरची ऐटदार वाट दुसऱ्या खेपेला.

माथ्यावर

स्लीव्ह कारचा माथा टोकदार नाही. लांबट, रुंद पाठ आहे, बैल बसलेला असावा तशी. त्यावर दगडांची एक प्रचंड रास आहे. फिरायला येणाऱ्यांनी एकेक दगड ठेवून झालेली नव्हे, तर इतिहासपूर्व काळातली, एखाद्या थडग्यावर रचतात तशी. तिला आयरिश भाषेत नाव आहे, त्याचा अर्थ 'गोऱ्या डाहीचं थडगं'. सातशे मीटर उंचावर, या दलदलीच्या पलीकडे, एवढे दगड रचायला किती माणसं लागली असतील! तेव्हा हा डोंगर एकटा नव्हता, हे नक्की. तिच्यावर चढायचं नाही, आठवण म्हणून दगड खिशात घालायचा नाही. आडोशाला बसून डबा खायला हरकत नाही.

आकाश स्वच्छ असलं तर पश्चिमेला अटलांटिक महासागर आणि ॲकिल बेटाचे डोंगर. दक्षिणेला लांबवर क्रोक पॅट्रिकचा सुळका, जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो यात्रेकरू चढतात तो. पूर्वेला थोरला नेफिन. आणि उत्तरेच्या सपाट तपकिरी प्रदेशात बेलाकॉरिक. तिथे 1960च्या दशकापासून 2005पर्यंत पीट जाळून वीज तयार करत. हजारो वर्षांत साठलेलं पीट चार दशकं भट्टीत गेलं. तिथला उंच मनोरा 2007 साली पाडला. त्याच जागेजवळ 1992 साली आयर्लंडमधल्या पहिल्या व्यापारी पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या.

आणि धुकं असलं तर? तर यातलं काहीही दिसत नाही. हाताच्या अंतरावरचं माणूस दिसतं, बस. अशा वेळी रुंद माथा हा टोकदार माथ्यापेक्षा जास्त फसवा, कारण सगळ्या दिशा सारख्याच दिसतात. पूर्वेच्या बाजूला उतार एकदम तुटतो. म्हणून दगडांच्या राशीपाशी पोचलो की गप्पा सुरू करण्याआधी होकायंत्र काढायचं आणि उतरायची दिशा ठरवून ठेवायची. नकाशा 1:50,000 प्रमाणाचा असतो. त्यावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 1 किलोमीटर. एकाने होकायंत्र धरून दिशा सांगायची, दुसऱ्याने पुढे दिसेल इतकंच चालून थांबायचं, मग बाकीच्यांनी त्याला गाठायचं. कंटाळवाणं आहे, पण वाट चुकत नाही. मोबाइल असला तरी त्याच्यावर विसंबू नये. या भागात रेंज अनेकदा नसते, आणि थंडी-पावसात बॅटरी झपाट्याने उतरते.

घड्याळ तर हवंच. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. पण डिसेंबरात सूर्य नऊच्या सुमाराला उगवतो आणि सव्वाचारच्या आसपास मावळतो. अंधार कसला, तर काळाकुट्ट. 2016 साली या परिसराला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला तो उगाच नव्हे. आकाशगंगा डोळ्यांनी स्पष्ट दिसते, पाय मात्र दिसत नाहीत! म्हणून निघण्याआधीच परत फिरायची वेळ ठरवायची. उन्हाळ्यात सकाळी सातला निघालो तर समजा दुपारचे दोन. दोन वाजले की माथा पन्नास मीटरवर असला तरी पाठ फिरवायची.

अपघात झालाच तर 112 फिरवून 'माउंटन रेस्क्यू' मागायची. हा क्रमांक आपल्या देशातही आता तोच आहे. मेयोचं बचाव पथक स्वयंसेवकांचं आहे. कुणी शिक्षक, कुणी दुकानदार, हातातलं काम टाकून येतात. पण त्यांनाही दलदल चालूनच यावी लागते, तेव्हा पोचायला तास लागतात. तोवर गरम कपडे, जास्तीचं खाणं, शिटी आणि टॉर्च एवढं आपल्या पिशवीत हवं. शिटीचे सहा ठोके, मग एक मिनिट थांबणं, मग पुन्हा सहा. ही मदतीची हाक.

आणि निघण्याआधी मुक्कामाच्या घरी एक चिठ्ठी ठेवायची. फोनवर नाही, कागदावर. त्यात लिहायचं : आम्ही चौघं, दोन मोठी माणसं, एक ताई, एक शाळकरी. जॅकेटांचे रंग अमुक. बँगर एरिसहून ढोरवाटेने स्लीव्ह कार, परतही त्याच वाटेने. दुपारी दोनला मागे फिरणार. रात्री नऊपर्यंत आलो नाही तर 112ला कळवा. चिठ्ठीत लिहिलेली वाट मध्येच बदलायची नाही. आणि परत आल्यावर चिखलाचे बूट काढण्याआधी घरमालकिणीला हाक मारून सांगायचं, की मावशी, आलो बरं का आम्ही.